मॅलकी ट्यूहीचं शिसं

१

मॅलकी ट्यूही मेला तो शर्यतीच्या मैदानाच्या पार टोकाला, लिस नावाच्या काटेरी झाडांच्या जुन्या राईकाठच्या बांधाशी. मेला तेव्हा त्याच्या अंगावर कुठल्याच घोडेमालकाच्या रंगांचा जॉकीचा सदरा नव्हता. साधा शेतावरचा कोट, आणि त्यावर पहाटेचं दव.

घोडे फिरवायला निघालेल्या फेस्टस लॅलीला तो आधी दिसला. उताणा, डोळे मिटलेले, हात छातीवर. लॅली स्वतः जॉकी होता, मॅलकीच्या बरोबरीने दहा वर्षं शर्यतीतले मातीचे बांध घोड्यावरून ओलांडलेला. त्याने टोपी काढली, घोडा वळवला आणि फादर क्विलिनन यांना घेऊन आला. फादर चिखलात गुडघे टेकून बसले, मनगट धरलं, आणि जमलेल्या माणसांना म्हणाले की देह थंड पडलाय, शेवटचं तेल लावायची वेळ निघून गेली. आता प्रार्थना तेवढी आपल्या हातात.

फळीवर घालून त्याला घरी आणलं तेव्हा त्याची थोरली बहीण सिबी दारात पीठ मळलेल्या हातांनी उभी होती. ती रडली नाही. नॉकार्डाच्या पंचक्रोशीत कुणीही गेलं की सिबीलाच बोलावणं यायचं, कारण मेलेल्यासाठी गाणं रचून म्हणणारी तीच एक उरली होती. आज तिच्याच घरचं माणूस होतं, आणि गळ्यातून शब्द निघत नव्हता.

वर्षापूर्वीपर्यंत मॅलकीचं नाव घेतलं की लिमरिकच्या बाजारात लोक वाट करून द्यायचे. मग नॉकार्डाचा चषक आला. लिनेट नावाच्या करड्या घोडीवर तो सहज पहिला आला. पण शर्यत काही खांबापाशी संपत नाही. जॉकीने स्वतः खोगीर उतरवायचं, ते मांडीवर घेऊन वजनाच्या खुर्चीत बसायचं, आणि तिथला अधिकारी ‘वजन बरोबर’ म्हणाला की मग जिंकलं. त्या दिवशी अधिकारी बोललाच नाही. खोगिराखालच्या कापडाचा एक खिसा रिकामा होता. घोडीवर ठरलेला भार पुरा करायला त्यात घातलेलं शिसं गायब.

पंच म्हणाले, दूरच्या बांधाशी कुणाला दिसत नाही, तिथे याने ते फेकलं. माणसांनी बांधाच्या दोन्ही बाजू विंचरून काढल्या, शिसं मिळालं नाही. पडलं असतं तर सापडलं असतं. सापडलं नाही, म्हणजे वजनाआधी परत द्यायला साथीदाराने उचललं, आणि ते त्याला जमलं नाही. न्याय इतका सोपा होता. मॅलकीचा परवाना जन्मभरासाठी गेला, आणि चषक गेला दुसऱ्या आलेल्या लॅलीच्या घोड्याकडे.

फळी खाली ठेवून माणसं पांगली, पण घोडे तयार करणारा म्हातारा ह्यू टर्नन मागे रेंगाळला. लिनेट त्याच्याच तबेल्यातली. टोपी हातात फिरवत तो म्हणाला, "सिबी, उद्याचं बोलायचं होतं. पोरांनी ठरवलंय. दलदलीच्या रस्त्यानं न्यायचं."

सिबीला कळलं. त्या भागात जॉकी मेला की पेटीवर खोगीर ठेवतात, त्याचे सोबती खांदा देतात, आणि पेटी मैदानाच्या फाटकातून, जिंकण्याच्या खांबासमोरून जाते. दलदलीच्या रस्त्याने नेतात ते मागे नाव न उरलेल्यांना.

"उद्या सकाळपर्यंत वेळ आहे ना, ह्यूकाका?" ती म्हणाली. "तोवर दुसरं काही ठरवू नका."

२

आपल्या माणसाला आपण न्हाऊ घालू नये, शेजारणींनी घालावं, अशी तिथली रीत. सिबीने शेजारणींना चहा करायला पाठवलं आणि खोलीचं दार लावून घेतलं.

कोमट पाण्याचं फडकं त्याच्या अंगावरून फिरू लागलं, तशी त्याची सगळी कारकीर्द तिच्या बोटांखालून गेली. गळ्याखालचं हाड दोनदा सांधलेलं: पहिल्यांदा जत्रेतल्या शर्यतीत, दगडी गडग्यावरून पडला तेव्हा. त्या दिवशी तो घरातून न सांगता गेला होता. बरगडीतला खळगा कॉर्कच्या त्या लाल घोड्याचा. डाव्या कानाची पाळी गेली ती पहिला मोठा चषक जिंकला त्या दिवशी. रक्त गळत असताना तो हसत होता. आणि या सगळ्यावर ताणलेली पातळ, उपाशी कातडी. शर्यतीच्या आधी वजन उतरवायला तो तीन लोकरी कोट चढवून डोंगर चढायचा, उष्ण उकिरड्यात गळ्यापर्यंत पुरून घाम काढायचा, आणि ताटावर बसून नुसता बटाट्याचा वास घ्यायचा. वजन कमी करण्यात ज्याचं काळीज झिजलं, त्याच्यावर आळ आला तो वजन कमी भरल्याचा. लिनेटवर भार जास्त लावला होता, म्हणून त्या एकाच शर्यतीच्या आदल्या रात्री तो पोटभर जेवला होता.

तिने उजवी बाही वर सारली आणि हात थांबला.

मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे होते, बारीक, ताजे. कुंपणाचे नव्हेत. दाट काटेरी झाडाखाली जमिनीलगत हात घालावा तसे. बांधाजवळ असली झाडं एकाच जागी होती: लिसमध्ये. मातीच्या गोल कड्यात उभी जुनी काटेरी झाडं, माणसांआधीपासून तिथे राहणाऱ्या अदृश्य भल्या मंडळींचं घर. त्यांचं खरं नाव कुणी घेत नाही. तिथली फांदी कुणी तोडत नाही, तिथे गेलेली गाय कुणी हाकलून आणत नाही. ती आपणहून येईपर्यंत वाट बघतात. शिसं शोधायला माणसांनी आकाशपाताळ एक केलं होतं, पण लिसच्या कडेला येऊन सगळे थांबले होते. ‘सगळं शोधलं’ असं पंचांना सांगताना कुणाला ते खोटं वाटलंही नव्हतं.

तिने त्याची मूठ उघडली. तळहात करडा झाला होता. तो करडेपणा सिबी लहानपणापासून ओळखत होती. त्या कापडाचे खिसे तिनेच किती वेळा शिवले होते. शिसं हाताळलं की असाच डाग पडतो.

मॅलकीला शिसं सापडलं होतं.

आणि त्या करड्या डागावर एक लहानशी स्वच्छ फुली होती. तेलाने काढलेली, कापसाने टिपलेली. तिने वाकून त्याच्या पापण्यांचा वास घेतला. तिथेही तेल होतं.

मरणाऱ्याला तेल लावतो तो फादर. आणि फादर तर म्हणाले होते, वेळ निघून गेली.

३

दुपारी घर भरलं. आरशावर कापड टाकलं, घड्याळ थांबवलं, ताटलीत तपकीर आणि मातीच्या चिलमी ठेवल्या. येणारा प्रत्येक जण मॅलकीच्या हाताला हात लावून जात होता. न लावणाऱ्याच्या स्वप्नात मेलेला येतो म्हणतात. बाहेर धुकं इतकं खाली आलं होतं की माणसं दारात आधी आवाजाने यायची, मग चेहऱ्याने.

सिबी उशाशी बसून एकच विचार करत होती. फादर तिथे आधी पोचले होते, तर लपवलं का? कुणाला तरी झाकत असतील. एखाद्याने पापाची कबुली त्यांच्या कानात दिली असेल, तर ते जीव गेला तरी बोलणार नाहीत. मग तो एखादा कोण? शिसं उचलून लिसमध्ये दडवणारा?

ह्यू टर्नन आला तेव्हा तिने त्याला आपल्या शेजारी बसवलं. ते कापड कुणी बांधलं होतं, तिने हळूच विचारलं.

चिलमीशी चाळा करत म्हाताऱ्याने सांगितलं की त्यानेच बांधलं, नेहमीसारखं. खिशाच्या झाकणाचा चामड्याचा पट्टा जुना होता, बदलायचा राहिला. शर्यतीनंतर पाहिलं तर तुटलेला. पंचांना दाखवला, तर ते म्हणाले चाकूनेही असाच तुटतो. "कापड तसंच खिळ्याला टांगलंय," तो म्हणाला. "दुसऱ्या घोड्याला बांधवत नाही. रोज जाता-येता बघतो. पट्टा बदलला असता तर तुझा भाऊ आज जेवत असता, पोरी."

"तो कधी जेवायचा, काका?" सिबी म्हणाली, आणि दोघंही थोडं हसले, मेलेल्या घरात हसतात तसे.

त्याच्या डोळ्यांत अपराधीपणा होता, पण तो पट्ट्याचा. लिसमध्ये पाऊल टाकणाऱ्याचा नव्हता. हा म्हातारा तर लिसवरून येणारा वारासुद्धा चुकवायचा.

तेवढ्यात दारातली कुजबुज थांबली. फादर क्विलिनन आत आले. उंच, वाकलेले, लांब काळ्या कोटात. सहा वर्षांपूर्वी ते या परगण्यात आले, आणि पोरांच्या बाप्तिस्म्यापेक्षा घोड्यांच्या वंशावळी त्यांना जास्त पाठ आहेत असं लोक गमतीने म्हणायचे. पण धर्मगुरूने शर्यतीच्या मैदानात पाय ठेवायचा नाही, हा बिशपांचा सक्त नियम. शर्यतीच्या दिवशी फादरांच्या घराचे पडदे ओढलेले असत.

प्रार्थनेसाठी ते बाकाशी गुडघ्यावर बसले. बसताना कोटाचा खिसा बाकाच्या पायावर आपटला आणि बोदा, जड आवाज झाला. त्यांनी कोट चटकन गोळा करून घेतला.

उठताना त्यांनी सिबीच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, उद्या गाणी नकोत, बाळ, चर्चला ती चालत नाहीत. मग मॅलकीकडे बघत, जणू स्वतःशीच, "शेवटच्या शर्यतीत घोडी त्या बांधावर डाव्या गुडघ्यावर गेली होती. दुसरा कुणी असता तर मानेवरून गेला असता. यानं तिला नुसत्या बोटांनी उचललं. असा स्वार पुन्हा व्हायचा नाही."

फादर गेले. ज्या हाताला सगळ्यांनी हात लावला होता, त्याला त्यांनी लावला नव्हता.

४

फेस्टस लॅली दिवेलागणीआधी आला, आणि उंबरठ्यापाशीच उभा राहिला.

"आत ये," सिबी म्हणाली. "तो काय उठून शर्यत लावणार नाही तुझ्याशी."

"लावली तरी जिंकेल," लॅली म्हणाला. त्याने मॅलकीचा हात धरला तो धरूनच ठेवला.

चषक मिळाल्यापासून त्याने तो घरात ठेवला नव्हता, हे गावाला माहीत होतं. मावशीकडे दिला होता, तिने त्यात कांदे ठेवले होते. सिबीने त्याला सरळच विचारलं: बांधाशी तू मागे होतास, तू काय पाहिलंस?

लॅलीने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली नेला. त्याने सांगितलं की लिनेट बांधावर चढली, वरच्या ओल्या मातीत घसरली, डाव्या गुडघ्यावर गेली. खोगीर हललं. आणि त्याच क्षणी लॅलीची नजर पलीकडे, लिसमध्ये गेली.

"तो उभा होता, सिबी. काळा माणूस."

काळ्या माणसाबद्दल सगळ्यांनीच ऐकलं होतं. गेल्या काही वर्षांत तीन-चार स्वारांना तो दिसला होता, झाडांमध्ये, निश्चल.

"त्याला शिंगं होती," लॅली म्हणाला. "डोक्याच्या दोन्ही बाजूंना, अशी." त्याने दोन्ही मुठी डोळ्यांपाशी नेल्या, कोपरं बाहेर काढली. "मी डोळे गच्च मिटले. बांध आंधळा ओलांडला. शिसं पडलं असेल तर मी पाहिलं नाही, आणि पंचांना काय सांगू? इंग्रज लोक. म्हणाले असते, पिऊन बसला होता. मला वाटलं मॅलकीचं शिसं त्या मंडळींनीच नेलं. त्यांनी नेलेलं परत मागत नाहीत."

सिबी त्याच्या मुठींकडे बघत राहिली. डोळ्यांपाशी मुठी, बाहेर आलेली कोपरं.

"फेस्टस, घोडी गुडघ्यावर गेली ते आणखी कुणी पाहिलं?"

"कोण बघणार? तिथं आम्हीच दोघं पुढं. बाकीचे पार मागं होते, आणि मंडपातून तो बांध दिसत नाही, म्हणून तर सगळी भानगड."

"तू कुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही. आज तुला."

चुलीत जळणाऱ्या दलदलीच्या मातीचं एक ढेकूळ आपोआप फुटलं. सिबीच्या अंगावर शहारा आला. भुताचा नव्हता. भूत असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"काळा माणूस कुठल्या दिवशी दिसतो रे?" तिने विचारलं.

लॅलीने आठवून पाहिलं. मग त्याचा चेहरा हळूहळू बदलला. "शर्यतीच्याच," तो म्हणाला.

५

सकाळी पेटीचं झाकण लावायच्या आधी फादर आले. सिबीने सगळ्यांना अंगणात जायला सांगितलं. अंगणात टर्ननने लिनेटला आणून उभी केली होती, पाठीवर मॅलकीचं खोगीर, त्याखाली तेच तुटक्या पट्ट्याचं कापड. कुठला रस्ता घ्यायचा ते अजून कुणी बोलत नव्हतं.

"फादर," सिबी म्हणाली, "मॅलकीनं तुमच्या कानात जे सांगितलं असेल ते तुमच्याजवळ ठेवा. ते मी मागत नाही. तुमच्या डोळ्यांनी जे पाहिलं, तेवढं मागते."

तिने मॅलकीची मूठ उघडून दाखवली. सांगितलं ते अगदी हळू, आजाऱ्याशी बोलावं तसं. शिशाचा डाग आधीचा, फुली नंतरची. म्हणजे तेल लावणाऱ्याने ही मूठ उघडली, आणि मुठीत काय होतं ते पाहिलं. ते मग कुठे गेलं? घोडी गुडघ्यावर गेली हे एका लॅलीने पाहिलं आणि एका काळ्या माणसाने. लॅली वर्षभर गप्प होता, तरी तुम्हाला माहीत होतं. काळा माणूस शर्यतीच्याच दिवशी दिसतो, तुम्ही या परगण्यात आल्यापासून दिसतो, आणि त्याची शिंगं म्हणजे डोळ्यांना लावलेली दुर्बीण. ज्याला मैदानात यायची बंदी, त्याला लपायला आख्ख्या नॉकार्डात एकच जागा सुरक्षित: जिथे आमच्यातला कुणी मरेपर्यंत पाय ठेवणार नाही.

"मॅलकीनं ठेवला," ती म्हणाली. "वर्षभर कडेकडेनं फिरत होता. भल्या मंडळींच्या भीतीपेक्षा नावाची भूक मोठी झाली तेव्हा आत गेला. तुमच्या खिशात काल काय वाजलं, फादर?"

फादर बाकावर बसले. एकदम म्हातारे दिसू लागले.

"शिसं माझ्या पायाशी येऊन पडलं," ते म्हणाले. "मी उचललं. धावत जाऊन द्यावं असं मनात आलं, आणि मग, कुठून आणलं म्हणून विचारतील असंही आलं. तिथेच काट्यांतल्या एका दगडाखाली ठेवलं. उद्या बिशपांना सांगू म्हटलं. तो उद्या रोज पुढं जात राहिला. काल पहाटे खिडकीतून लिसमध्ये कंदील दिसला. पोचलो तेव्हा तो बांधाशी पडला होता, शिसं छातीशी धरून. त्याचं काळीज थांबत होतं. मी तेल लावलं. आणि मग घोड्यांचे आवाज आले, आणि मी..." त्यांनी चेहरा झाकला. "मुठीतून काढून घेतलेलं शिसं घरी तरी कुठं ठेवणार? माझं घरकाम करणारी मिसेस डोहर्टी चुलीतली राखसुद्धा चाळते."

"तो काही बोलला?"

"ते मला सांगता येणार नाही, सिबी."

"नका सांगू," ती म्हणाली. "पण आता मी गाणार आहे. आमच्या गाण्यात ज्यानं मेलेल्याचं वाईट केलं त्याचं नाव शेवटच्या ओळीत येतं, ही जुनी चाल आहे. मी शेवटची ओळ म्हणणार नाही. ती तुमच्यासाठी मोकळी ठेवते."

६

पेटी अंगणात आणली. धुक्यात माणसं झाडांसारखी उभी होती. सिबी पेटीच्या उशाशी उभी राहिली, डोईवरचं वस्त्र मागे सारलं, आणि काल अडलेला आवाज आपणहून सुटला:

*ऊठ रे मॅलकी, दारी लिनेट उभी,*
*लगाम तिचा सैल, नजर धुक्यामधी.*
*उपाशी निजलास, उपाशी उठलास,*
*वाऱ्याहून हलका बांधावरून सुटलास.*

*लिसमध्ये उभा होता एक माणूस काळा,*
*शिंगं नव्हती त्याला, दुर्बिणीचा डोळा.*
*शिसं पडलं काट्यांत, त्यानं ते पाहिलं,*
*वर्षभर माझ्या भावाचं नाव उन्हात राहिलं.*

*आता पेटी दारी, दोन वाटा पुढं,*
*एक खांबाकडं जाते, एक दलदलीकडं...*

ती थांबली. शेवटची ओळ हवेत तशीच राहिली. लिनेटने मान झटकली तेवढा कड्यांचा आवाज झाला.

फादर क्विलिनन पुढे आले. खिशात हात घातला आणि रुमालात गुंडाळलेलं काहीतरी पेटीवर ठेवलं. रुमाल उलगडला. करड्या शिशाचे दोन पत्रे, कडांना माती.

"हे पट्टा तुटून पडलं," ते मोठ्याने म्हणाले, रविवारी बोलत त्याच आवाजात. "मी पाहिलं. लिसमधला माणूस मी होतो. मॅलकी ट्यूहीनं कुणाला फसवलं नाही. बिशपांना मी आज स्वतः जाऊन सांगणार आहे, आणि मग तुम्हाला बहुतेक दुसरा धर्मगुरू मिळेल. घोड्यांतलं कमी कळणारा."

कुणी हसलं नाही. टर्ननने खाली वाकून काहीतरी पुसलं, डोळे की बूट ते कळलं नाही. मग लॅली पुढे झाला आणि त्याने पेटीच्या एका कोपऱ्याला खांदा लावला. एकेक करून दुसरे आले.

मैदानाच्या फाटकाशी सगळे क्षणभर थांबले. सहा वर्षांत ज्यांनी तो उंबरा ओलांडला नव्हता ते फादर सर्वांच्या पुढे होते. त्यांनी टोपी काढली आणि आत पाऊल टाकलं, सगळ्या परगण्याच्या देखत.

दूरवर लिसची झाडं धुक्यातून वर आली होती. त्यांच्यात कुणी उभं नव्हतं. तरी बांधावरून काही टापा उतरल्यासारख्या सिबीला ऐकू आल्या, सैल लगामाच्या, घाई नसलेल्या.

जिंकण्याच्या खांबापाशी पेटी खाली ठेवली, लिनेटच्या पाठीवरचं कापड आणि खोगीर उतरवून वर ठेवलं. सिबीने दोन्ही पत्रे त्या रिकाम्या खिशात सारले आणि तुटक्या पट्ट्याऐवजी आपल्या केसांची फीत सोडून झाकण बांधलं. खिसा खाली ओढला गेला, जसा वर्षापूर्वी असायला हवा होता.

कुणीतरी काहीतरी म्हणायला हवं होतं. लॅलीने घसा साफ केला.

"वजन बरोबर," तो म्हणाला.